शोक करायचा तो कशासाठी?

इसवी सनापूर्वी ५१८ च्या सुमाराची गोष्ट. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेमचे मंदिर जाळून ज्यू लोकांना देशोधडीला लावले, त्याला सत्तर वर्षे होत आली होती. आता राज्य इराणच्या दारयवेशाचे होते आणि मंदिर पुन्हा उभे राहत होते. तेव्हा काही माणसे जेरुसलेमला आली आणि त्यांनी पुरोहितांना व संदेष्ट्यांना एक साधा प्रश्न विचारला. इतकी वर्षे आम्ही पाचव्या महिन्यात उपास धरून रडत आलो. हे रडणे पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे?

जखऱ्या नावाच्या संदेष्ट्याने 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. त्याने उलट विचारले, की तुम्ही एवढे उपास केले ते खरोखर कोणासाठी केले? मग त्याने त्यांच्यापुढे कामांची यादी ठेवली. खरा न्याय करा. विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांना पिळू नका. एकमेकांविरुद्ध मनात कपट धरू नका. रडण्याविषयी विचारायला आलेल्या माणसांना न्यायाविषयी उत्तर मिळाले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सवाल-जवाब आजही जिवंत आहे, आणि तो केवळ ज्यूंचा नाही, असे आम्हाला वाटते. ज्या ज्या समाजाच्या वाट्याला हत्याकांडे आली, ज्याच्या पंचांगात शोकाचे दिवस आहेत, त्या प्रत्येक समाजाला हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारावाच लागतो.

आम्ही देव मानत नाही. मंदिरासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही आणि होमहवन व पशुबळी बंद झाले म्हणून छाती पिटणार नाही. तरीही ज्यू समाजाने आपल्या दुःखाची जी व्यवस्था लावली आहे, तिचा अभ्यास चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने केला पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्या एका ग्रंथाच्या शीर्षकात अस्पृश्यांना 'भारताच्या घेट्टोची लेकरे' म्हटले. घेट्टो हा शब्द १५१६ साली व्हेनिस शहरात ज्यूंना कोंडण्यासाठी उभ्या केलेल्या वस्तीचा आहे. बाबासाहेबांनी तो विचारपूर्वक उचलला आणि ज्यू व अस्पृश्य यांच्या स्थितीतला फरकही दाखवून दिला. ज्याच्या दुःखाशी आपल्या दुःखाची तुलना आपल्या उद्धारकर्त्याने केली, त्या समाजाने त्या दुःखाचे पुढे काय केले, हे पाहणे आमचे कर्तव्यच ठरते.

दुःखाला कालमर्यादा

ज्यू घरात माणूस गेला की जवळचे नातेवाईक अंगावरचे वस्त्र फाडतात. दफनानंतर सात दिवस ते घरात बुटक्या आसनावर बसतात. या सात दिवसांना 'शिवा' म्हणतात. पहिले जेवण त्यांनी स्वतःचे खायचे नसते, ते शेजाऱ्यांनी आणायचे असते. भेटायला आलेल्याने आधी तोंड उघडायचे नाही. दुःखी माणूस बोलेल तेव्हाच बोलायचे. सात दिवसांनंतर तीस दिवसांचा सौम्य शोक, आणि आईवडिलांसाठी वर्षभराचा. या काळात म्हटल्या जाणाऱ्या 'कद्दिश' या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी दहा जणांचा जमाव लागतो. याचा अर्थ उघड आहे. दुःख एकट्याचे असले तरी ते एकट्याने वाहायचे नाही. आणि त्याला आरंभ असतो तसा शेवटही असतो.

जे घराचे, तेच राष्ट्राचे. हिब्रू पंचांगातील आव महिन्याची नववी तिथी, म्हणजे 'तिशा बआव', हा राष्ट्रीय शोकाचा दिवस. तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो. पहिले मंदिर बाबिलोनने इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास पाडले आणि दुसरे रोमचा सेनापती टायटस याने इ. स. ७० मध्ये. दोन्ही याच तिथीला पडली अशी परंपरा आहे. इ. स. १३५ मध्ये बेतार किल्ला पडून रोमविरुद्धचे शेवटचे बंड चिरडले गेले, तेही मिश्ना या ग्रंथाने याच दिवसाच्या खाती मांडले. पुढे १२९० ची इंग्लंडमधून हकालपट्टी आणि १४९२ ची स्पेनमधून हकालपट्टी यांची आठवणही याच दिवसाला येऊन मिळाली. रोममध्ये आजही टायटसची कमान उभी आहे. जेरुसलेमच्या मंदिरातील सात फाट्यांची दीपमाळ खांद्यावर घेऊन मिरवणारे सैनिक तिच्यावर कोरलेले आहेत. जेत्याने आपला विजय दगडात कोरला, जितांनी आपला पराभव पंचांगात कोरला. रोमचे साम्राज्य गेले, पंचांग चालू आहे!

या शोकाची चढण हळूहळू येते. तीन आठवडे आधी लग्ने व गाणीबजावणी थांबते. शेवटच्या नऊ दिवसांत शब्बाथ सोडून मांस व मद्य वर्ज्य होते. नवव्या दिवशी सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्नपाणी नाही, चामड्याचे जोडे नाहीत, एकमेकांना अभिवादनसुद्धा नाही. माणसे जमिनीवर बसून मंद उजेडात विलापगीताचे वाचन ऐकतात. एरवी ग्रंथाध्ययनाला सर्वश्रेष्ठ मानणारा हा समाज त्या दिवशी अध्ययनही आवरतो, कारण अध्ययनात आनंद आहे! परंतु दुपार उलटली की लोक जमिनीवरून उठून खुर्चीवर बसतात. त्यानंतर सात आठवडे सांत्वनाचे वाचन चालते, त्यातच एलूल हा आत्मपरीक्षणाचा महिना येतो. मग नववर्ष, आणि त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर. म्हणजे शोकाचा रस्ता राखेतून निघून माणसाला स्वतःच्या वागणुकीच्या हिशेबापर्यंत आणून सोडतो. या हिशेबाला हिब्रूत 'तशुवा' म्हणतात. तिचा शब्दशः अर्थ 'परतणे'.

अतिशोकाविरुद्ध इशारा

दुसरे मंदिर पडल्यावर अनेकांनी मांस व मद्य कायमचे सोडले. जिथे बळी देता येत नाही तिथे मांस कसे खायचे, असा त्यांचा सवाल होता. रब्बी यहोशुआ यांनी त्यांना विचारले, मग भाकरीही सोडा, कारण धान्याचे अर्पणही बंद झाले. पाणीही सोडा, कारण पाण्याचे अर्पणही बंद झाले. मंडळी गप्प झाली. तेव्हा त्यांनी समजावले, की अजिबात शोक न करणे शक्य नाही, आणि अति शोक करणेही शक्य नाही. घर गिलावा करून रंगवा, पण भिंतीचा हातभर तुकडा गिलाव्याविना ठेवा. जेवण करा, पण एखादा पदार्थ कमी ठेवा. ज्यू लग्नात नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो, त्याचाही अर्थ आज याच आठवणीशी जोडला जातो. भिंतीवरचा तो हातभर तुकडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. घर पूर्ण करायचे, त्यात राहायचे, मुलेबाळे वाढवायची, पण आपण कोठून आलो हे भिंतीने रोज सांगत राहावे. आमच्यातील जी मंडळी शिकून सवरून फ्लॅटमध्ये गेली आणि संपूर्ण भिंत गुळगुळीत करून बसली, त्यांनी या तुकड्याचा विचार करावा.

आणखी एक कथा तालमूदमध्ये येते. जेरुसलेमला रोमनांचा वेढा पडला असता योहानान बेन जक्काई हे पंडित शवपेटीत पडून शहराबाहेर निसटले आणि रोमन सेनापती व्हेस्पेशियन याच्यापुढे उभे राहिले. त्यांनी काय मागितले? यावने गाव आणि तेथील विद्वान! मंदिर गेले, राज्य गेले, पण विद्यालय राहिले, आणि त्या विद्यालयाने समाज दोन हजार वर्षे जगवला. ही कथा शब्दशः इतिहास आहे की नाही हा वाद इतिहासकारांनी घालावा. पराभवाच्या क्षणी काय वाचवायचे, याविषयी त्या समाजाचे मत तिच्यातून स्पष्ट दिसते. ज्या चळवळीच्या घोषणेतला पहिला शब्द 'शिका' हा आहे, तिला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दोष कोणाचा?

आता कळीचा मुद्दा. आपली शहरे का पडली, याचे उत्तर ज्यू पंडितांनी शत्रूच्या क्रौर्यापाशी थांबवले नाही. त्यांनी आत पाहिले. तालमूद सांगतो, की दुसऱ्या मंदिराच्या काळात लोक अध्ययन करीत, धर्म पाळत, दानधर्मही करीत. तरी ते पडले, कारण त्यांच्यात विनाकारण द्वेष होता. याची कथा अशी. एका श्रीमंताने कामत्सा नावाच्या मित्राला मेजवानीचे बोलावणे धाडले. नोकर चुकून बार कामत्सा या त्याच्या वैऱ्याला घेऊन आला. यजमानाने त्याला ऊठ म्हटले. बार कामत्साने माझ्या जेवणाचे पैसे देतो म्हटले, मग अर्ध्या मेजवानीचे देतो म्हटले, शेवटी संपूर्ण मेजवानीचे देतो म्हटले. यजमानाने त्याला धरून बाहेर काढले. पंडित समोर बसले होते, कोणी हूं की चूं केले नाही. अपमानित माणूस रोमनांकडे गेला आणि पुढचा अनर्थ घडला. त्याच ग्रंथात असेही येते, की वेढ्याच्या काळात शहरातल्या गटांनी आपल्याच धान्याची कोठारे जाळली. शत्रू तटाबाहेर, आणि आत आपल्याच भाकरीला आग!

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे काय येते, ते वाचकांना सांगायला नको. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष किती वर्षे एकसंध राहिला आणि आज त्याच्या किती चिरफळ्या आहेत, याची मोजदाद प्रत्येकाने करावी. व्यासपीठावरून कोणाला उठवले गेले, आणि तेव्हा समोर बसलेले विद्वान गप्प का बसले, याचीही करावी.

आम्हा वकील मंडळींना तालमूदमधील आणखी एक वचन विशेष बोचते. रब्बी योहानान म्हणतात, जेरुसलेम उद्ध्वस्त झाले कारण तेथे न्याय केवळ कायद्याच्या अक्षराप्रमाणे होत होता. अक्षराच्या पलीकडे जाऊन कोणी माणुसकी दाखवत नव्हता. अत्याचाराच्या खटल्यात पंचनाम्याची तारीख चुकली, जातीच्या दाखल्याची प्रत जोडली नाही, म्हणून आरोपी सुटताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वचनाचे भाष्य लागणार नाही.

परंतु येथे एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. 'आमच्या पापांमुळे आम्ही हद्दपार झालो' हे वाक्य समाजाने स्वतःविषयी म्हणणे वेगळे, आणि मारल्या गेलेल्यांविषयी दुसऱ्याने म्हणणे वेगळे. हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंची कत्तल केली. त्यांत दहा लाखांहून अधिक मुले होती. त्या मुलांनी कोणते पाप केले होते? काही कर्मठांनी येथेही पापाचे जुने गणित लावून पाहिले. एलिएझर बेर्कोवित्स यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते फेटाळले. अर्विंग ग्रीनबर्ग यांनी कसोटी घालून दिली, की जळत्या मुलांसमोर उभे राहून जे विधान करण्याची लाज वाटेल, ते धर्माच्या नावावर करूच नये. आम्हाला ही कसोटी ओळखीची वाटते. पूर्वजन्मीच्या कर्माने तू अस्पृश्य झालास, हे गणित या देशात हजारो वर्षे मांडले गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये दाखवून दिले, की गरिबांच्या व पददलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, हाच या पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग आहे. म्हणून आत्मपरीक्षण आणि बळी पडलेल्यालाच दोषी ठरवणे यांतील रेषा ठळक ठेवली पाहिजे. खैरलांजीत २००६ साली एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तो दोष मारणाऱ्यांचा आणि पाहणाऱ्यांचा. त्यानंतर आमची संघटना किती दिवस एकत्र राहिली, हा हिशेब मात्र आमचा.

परतणे म्हणजे काय?

तशुवा म्हणजे नुसता पश्चात्ताप नव्हे. बाराव्या शतकातील थोर ज्यू तत्त्वज्ञ व कायदेपंडित मैमोनिडीज यांनी तिच्या पायऱ्या घालून दिल्या. कृत्य सोडणे, खेद वाटणे, चूक तोंडाने उच्चारून कबूल करणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. पूर्ण परिवर्तनाची खूण कोणती? तोच प्रसंग, तीच ताकद हाती असूनही माणूस ते कृत्य करीत नाही, ही. माणसाचा माणसाशी झालेला अपराध उपासाने फिटत नाही. नुकसान भरून द्यावे लागते, आणि ज्याला दुखावले त्याच्या दारात जाऊन क्षमा मागावी लागते. योम किप्पूरही त्यातून सूट देत नाही. चोरीचा वासा घरात बसवला असेल तर घर पाडून तो परत करायचा का? पंडितांनी ठरवले, की वाशाची किंमत द्यावी, म्हणजे परतू पाहणाऱ्याची वाट बंद होणार नाही. न्याय आणि पुनर्वसन यांचा असा व्यवहारी मेळ कोणत्याही कायद्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा.

बौद्धांना ही वाट परकी नाही. वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणेच्या दिवशी भिक्खू संघासमोर उभा राहून विनंती करतो, की माझे काही वावगे पाहिले, ऐकले वा संशयास्पद वाटले असेल तर ते मला सांगावे. देवाची क्षमा तेथे नाही, संघाचा आरसा आहे. आमच्या किती संघटनांच्या वार्षिक सभेत अशी प्रवारणा होते?

कोकणचे इस्रायली

या साऱ्याचा एक धागा आमच्या मातीतही आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरा आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. नऊ आवचा शोकदिन त्यांच्याकडे वालाच्या बिरड्याशी जोडला जाऊन 'बिरड्याचा सण' झाला आणि योम किप्पूर झाला 'दारफळणीचा सण'. राष्ट्राचा शोक त्यांनी मराठी स्वयंपाकघरात जपला. पण त्याच समाजात 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा रोटीबेटीचा भेदही शिरला, हे विसरता येत नाही. जात कोणाला सोडते?

पुढे हीच मंडळी मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी लावली. ज्यांनी दोन हजार वर्षे शुद्धीच्या नावाखाली छळ सोसला, त्यांच्याच संस्थेने आपल्या भावंडांना तुमचे रक्त तपासू म्हणावे! कोकणातून गेलेल्या माणसांनी ते मुकाट्याने सोसले नाही. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. संघर्षाशिवाय आपल्यातल्यांकडूनही न्याय मिळत नाही, हा त्याचा धडा.

दोन आठवणी

शेवटी आजचा प्रश्न. ज्यू धर्मग्रंथात दोन आठवणी सांगितल्या आहेत. एक, अमालेक या वैऱ्याने काय केले ते विसरू नका. दुसरी, परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसे मारली आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेले. ते निर्घृण कृत्य होते, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्याच महिन्यात पंतप्रधान नेतान्याहू यांनी पहिली आठवण जागवली, अमालेकची. त्यानंतर गाझात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत हजारो मुले होती. दुसरी आठवण कोठे गेली?

ती मेली नाही. मुलगा मारला गेल्यावर एका इस्रायली पित्याने पुढाकार घेऊन १९९५ साली शोकग्रस्त कुटुंबांची संघटना उभी केली. तिच्यात इस्रायली आणि पॅलेस्टिनी आईबाप एकत्र बसतात. २००६ पासून दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी संयुक्त स्मृतिसभा होते. स्वकीयांच्या शिव्या खाऊनही ही माणसे ती भरवत आली आहेत. जखऱ्याला अपेक्षित असलेला शोक आम्हाला त्यांच्याकडे दिसतो.

म्हणून शोकदिन पाळणाऱ्या प्रत्येक समाजापुढे दोन रस्ते असतात. आपली जखम हा दुसऱ्यावर वार करण्याचा परवाना मानायचा, की दुसऱ्याची जखम ओळखण्याची दृष्टी मानायची? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय रांगेत उभा राहतो आणि परतताना पुस्तके घेऊन जातो, ही आमच्या शोकाची शान आहे. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात पडलेल्यांना आम्ही दरवर्षी फुले वाहतो, तेही योग्यच आहे. पण मेणबत्ती विझल्यावर काय? ज्यांच्या खटल्यात साक्षीदार फुटतात, त्यांच्यामागे कोण उभे राहते? भटक्या-विमुक्तांच्या पालावर, मुस्लिमांच्या मोहल्ल्यात, आपल्याच घरातील स्त्रीवर अन्याय होतो, तेव्हा आमच्या दुःखाने कमावलेली दृष्टी कोठे असते?

नऊ आवला दुपार उलटली की ज्यू माणूस जमिनीवरून उठतो. रात्री उपास सोडतो आणि कामाला लागतो. आमचाही शोक असा उठून उभा राहणारा असला पाहिजे. पुढच्या अभिवादन सभेत प्रत्येक शाखेने हारांचा खर्च अर्धा करावा, गावातील एका पीडित कुटुंबाच्या खटल्याची फाईल टेबलावर ठेवावी आणि पुढच्या तारखेला कोर्टात कोण हजर राहणार, त्यांची नावे तेथेच लिहून घ्यावीत. फुलांपेक्षा ती यादी मोलाची आहे.

जय भीम!